अंतर कोणी मोजायचे? विद्यापीठातली छोटी भाषणे, बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध आणि आपला नकाशा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सांता बार्बरा नावाचे शहर आहे. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा एक परिसर आहे. या विद्यापीठात ‘जागेचा विचार’ या एकाच विषयावर छोटी छोटी भाषणे ठेवण्याचा प्रघात पडला. निरनिराळ्या विभागांतली माणसे एका खोलीत जमतात. प्रत्येकाने मोजक्या मिनिटांत आपल्या अभ्यासात ‘कुठे’ हा प्रश्न कसा येतो ते सांगायचे आणि खाली बसायचे. याला ते ‘लाइटनिंग टॉक’ म्हणतात, म्हणजे विजेसारखे चमकून जाणारे भाषण.

आता कोणी विचारेल, सांता बार्बरातल्या भाषणांशी आंबेडकरी तरुणाचा काय संबंध? आम्ही म्हणतो, संबंध थेट आहे. ‘कुठे’ हा प्रश्न आपल्याला कोणत्या विद्यापीठाने शिकवलेला नाही. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर लिहिला गेला. तू कुठे राहतोस, कुठून पाणी घेतोस, कुठवर येऊ शकतोस, कुठे थांबायचे, मेल्यावर कुठे जळायचे. जातीव्यवस्थेने माणसाला आधी जागा नेमून दिली आणि मग त्या जागेवरून त्याची किंमत ठरवली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याइतका जागेचा विचार दुसऱ्या कोणाला करावा लागला?

तरीही आज हे शास्त्र दुसऱ्यांच्या नावावर आहे. नकाशे दुसरे काढतात, आकडे दुसरे लावतात आणि आपल्या वस्तीबद्दल आपल्यालाच सांगतात. हे असे का झाले आणि ते बदलता येईल का, हा या लेखाचा विषय आहे.

सांता बार्बरात काय घडले

आधी त्यांचा इतिहास प्रामाणिकपणे पाहू. १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने भौगोलिक माहितीच्या संशोधनासाठी एक राष्ट्रीय केंद्र उभारायला पैसा दिला. सांता बार्बरा, बफेलो आणि मेन या तीन विद्यापीठांनी मिळून ते चालवले. संगणकावर नकाशे काढण्याचे आणि त्यांतून निष्कर्ष काढण्याचे जे तंत्र आज तलाठी कार्यालयापासून मोबाईलमधल्या नकाशापर्यंत पोहोचले आहे, ते घडवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक अहवाल काढला. वाचन, लेखन, गणित जसे शिकवतो तसा जागेचा विचारही शाळेपासून शिकवला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर २००७ मध्ये सांता बार्बरात सर्व विभागांना एकत्र आणणारे जागेच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. वर सांगितलेली भाषणे या वातावरणातली आहेत.

याच विद्यापीठात वॉल्डो टोब्लर नावाचे भूगोलतज्ज्ञ पुढे बरीच वर्षे होते. १९७० साली, मिशिगनमध्ये असताना, डेट्रॉइट शहराच्या वाढीवर लिहिताना त्यांनी एक साधा नियम मांडला. सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण दूरच्या गोष्टींपेक्षा जवळच्या गोष्टींचा संबंध अधिक असतो, असा त्याचा आशय आहे. भूगोलाचा पहिला नियम म्हणून तो जगभर शिकवला जातो. शेजारच्या दोन शेतांतली माती सारखी असते, शेजारच्या दोन गावांतला पाऊस सारखा असतो, ही त्याची सोपी उदाहरणे.

नियम चांगला आहे. पण तो घेऊन एखाद्या भारतीय गावात जा. गावातला पाटील आणि वेशीबाहेरचा महार यांच्या घरांमध्ये अंतर किती? दोनशे पावले. पाटलाचे सोयरे कुठे राहतात? चाळीस-पन्नास मैलांवर. सुखदुःखात, लग्नात, मयतीत, जमिनीच्या व्यवहारात, मतदानात पाटलाला जवळचे कोण? पन्नास मैलांवरचा सोयरा. दोनशे पावलांवरचा माणूस परका. म्हणजे जात हे असे यंत्र आहे की जे जवळच्याला दूर करते आणि दूरच्याला जवळ आणते. फूटपट्टी खोटे बोलत नाही, पण ती इथे अपुरी पडते. इथे दोन अंतरे आहेत. एक पावलांचे आणि दुसरे जातीचे.

मग प्रश्न असा की हे दुसरे अंतर विद्यापीठाच्या खोलीत उभे राहून कोणी सांगितले होते का?

९ मे १९१६

सांगितले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी.

या प्रसंगाचा उल्लेख आपण दरवर्षी करतो, पण तो नीट पाहत नाही. बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. निबंध मात्र त्यांनी वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. त्यासाठी आधार घेतला समाजशास्त्रज्ञांचा. निबंधाचे नाव ‘कास्ट्स इन इंडिया’. एका विषयाचा विद्यार्थी, दुसऱ्या विषयाची खोली, तिसऱ्या विषयाची हत्यारे. आज ज्याला आंतरविद्याशाखीय म्हणून मिरवतात, ते याहून वेगळे काय असते? आणि निबंध छोटा होता. वेळ आणि जागा पुरणार नाही, म्हणून मी प्रश्नाच्या एकाच अंगापुरते बोलतो, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले होते. विषय अफाट, वेळ थोडा, म्हणून नेमके बोला. हीच छोट्या भाषणाची शिस्त आहे.

निबंधाचा गाभा सर्वांना ठाऊक आहे. जात म्हणजे बंदिस्त वर्ग. ती टिकते जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीने. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या सक्तीची साधने आहेत. इथपर्यंत आपण वाचतो आणि थांबतो. पण पुढे बाबासाहेब एक अवघड प्रश्न विचारतात. ब्राह्मणांनी स्वतःभोवती दार लावून घेतले असेल, पण बाकीच्यांनी ते का लावले? एवढी मोठी व्यवस्था एकट्या मनूने लादली हे त्यांना पटत नाही. ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत घेतात. अनुकरण वरून खाली वाहते. आणि ते अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे जितके अंतर कमी तितके अनुकरण जास्त. हे अंतर सामाजिक अर्थाने घ्यायचे, हेही तिथे स्पष्ट आहे.

मग ते पुरावा देतात. ज्या जाती ब्राह्मणांच्या सर्वांत जवळ आहेत त्यांनी तिन्ही चाली उचलल्या. जरा दूरच्यांनी सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह उचलला. आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह. सर्वांत दूरच्यांनी यातले काहीच घेतले नाही, फक्त जातीवरची श्रद्धा घेतली.

मित्रांनो, हा नकाशाच आहे. त्यात गावे आणि नद्या नाहीत एवढेच. मध्यभागी एक बिंदू, त्याभोवती वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात काय पोहोचले याची नोंद. टोब्लरच्या नियमाच्या चौपन्न वर्षे आधी एक भारतीय विद्यार्थी सांगत होता की जवळ-दूर हे मैलांवर ठरत नाही, ते समाजाने ठरवलेले असते. अनुकरण आणि अंतराचे सूत्र तार्दचे होते, हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. टोब्लर वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत होते, हेही आम्हाला मान्य आहे. बाबासाहेब टोब्लरच्या आधी होते अशी बढाई आम्हाला मारायची नाही. आमचे म्हणणे एवढेच की जागेच्या विचाराचा इतिहास लिहिताना ९ मे १९१६ ची ती खोली वगळली, तर तो इतिहास अर्धा राहतो.

त्याच निबंधात आणखी एक इशारा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन बाबासाहेब म्हणतात की हिंदू जगात जिथे जातील तिथे जात सोबत नेतील आणि मग ती जगाची समस्या होईल. हा इशारा न्यूयॉर्कमध्ये दिला गेला. शंभर वर्षांनंतर काय झाले? जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या सार्वजनिक विद्यापीठसमूहाने भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशी तरतूद मंजूर केली आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ती नाकारली. ज्या राज्यात जागेच्या विचारावर भाषणे होतात, त्याच राज्यात जात सातासमुद्रापार आली आहे की नाही यावर वाद झाला. म्हणजे सांता बार्बरा आपल्यापासून वाटते तेवढे दूर नाही.

फिलाडेल्फियाचा सातवा वॉर्ड

पण बाबासाहेबांच्याही आधीची एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक असली पाहिजे, कारण ती आपल्याच जातकुळीची आहे.

१८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला फिलाडेल्फिया शहरातल्या सातव्या वॉर्डचा अभ्यास करायला नेमले. हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला पद दिले सहायकाचे. शिकवायला वर्ग दिला नाही. शहरातली बिघाडाची जागा म्हणजे काळ्यांची वस्ती, हे गृहीत धरूनच हा अभ्यास हवा होता. ड्यू बॉइस त्या वॉर्डात बायकोसह राहायला गेले आणि घरोघर फिरले. हजारो माणसांची माहिती स्वतः गोळा केली. मग त्यांनी वॉर्डाचा नकाशा काढला आणि कृष्णवर्णीयांचे प्रत्येक घर आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार चार वर्गांत विभागून दाखवले. १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हे पुस्तक आले.

त्या नकाशाने काय केले? बाहेरच्याला जो एक काळा डाग दिसत होता, त्यात वेगवेगळी माणसे दाखवली. कष्टकरी, मध्यमवर्गीय, गरीब, सगळे एकाच गल्लीत. ती एका गल्लीत का, तर शहर त्यांना दुसरीकडे घर देत नव्हते आणि काम देत नव्हते. दोष वस्तीचा नाही, वस्तीभोवती आखलेल्या रेषेचा आहे, हे त्यांनी घराघराच्या हिशेबाने सिद्ध केले. शहराच्या नकाशाला वापरून त्यांनी शहरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करणार आहेत असे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यांनीही तसे करावे या विचाराने त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठवले. नकाशावर न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात महासागर आहेत. पण सातवा वॉर्ड आणि महारवाडा शेजारी आहेत. इथेही दोन अंतरांचाच हिशेब आहे.

चर्चासत्रातून तळ्यावर

विद्यापीठातल्या भाषणांचा दोष काय असतो? बोलून झाले की टाळ्या, चहा आणि घरी. बाबासाहेबांचे वेगळेपण हे की त्यांनी खोलीतला विचार बाहेर आणला.

२० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे. सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात बंद. ओंजळभर पाणी पिऊन बाबासाहेबांनी कागद आणि जमीन यांच्यातले हे अंतर साऱ्या देशाला दाखवले. त्यानंतर सवर्ण कोर्टात गेले. दावा काय, तर तळे आमचे खाजगी आहे. तळ्याभोवती घरे कोणाची? सवर्णांची. म्हणजे आधी आम्हाला तळ्यापासून दूर वसवायचे, आणि मग ‘तुम्ही इथे राहतच नाही, तर पाणी तुमचे कसे’ असे विचारायचे. जागेच्या राजकारणाचे याहून स्वच्छ उदाहरण कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? दहा वर्षे खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि सनातन रूढीचा दावा सिद्ध झाला नाही.

पाण्यानंतर वस्ती. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी ठरावाने झाली. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यासाठी वसाहत आयोग आणि पडीक सरकारी जमीन मागितली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाला राज्याचा पाया मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी खडे बोल सुनावले. त्याच वर्षी आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाचा एक मूळ प्रश्नच जागेचा आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांचे उत्तर असे की ते आधी अस्पृश्य ठरले आणि मग बाहेर गेले असे नाही. टोळ्यांच्या लढायांत पांगलेली ती माणसे आधीपासूनच गावाबाहेर वसलेली होती आणि अस्पृश्यता नंतर लादली गेली. हा सिद्धांत कोणाला मान्य असो वा नसो, त्याची पद्धत पाहा. घर कुठे आहे यावरून इतिहास शोधण्याची ती पद्धत आहे.

आणि १९५५ मध्ये ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’. भाषावार प्रांतरचनेवर सगळे भावनेच्या भरात बोलत असताना बाबासाहेबांनी आकडे आणि नकाशे समोर ठेवले. मराठी मुलुखाचे मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग सुचवले. कारण त्यांना दिसत होते की मोठ्या राज्यात एका मोठ्या जातीचे बहुमत कायमचे होते आणि विखुरलेला अल्पसंख्य दलित चिरडला जातो. सीमारेषा कुठे काढली यावर सत्ता कोणाची हे ठरते. हे आज मतदारसंघांची पुनर्रचना होताना आपल्याला कळते. त्यांना तेव्हाच कळले होते.

वेलिवाडा

आता विद्यापीठाकडे परत येऊ. विद्यापीठ ही स्वतःच एक जागा आहे, हे मराठवाड्याने नामांतराच्या लढ्यात रक्त सांडून शिकवले. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत साडेपंधरा वर्षे आपण फक्त एका नावासाठी लढत होतो का? नाही. त्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव असेल तर आतली जागा कोणाची, हा तो वाद होता. म्हणून तर दंगलीत घरे जळाली ती गावोगावच्या दलित वस्त्यांतली. विद्यापीठाच्या दाराचा राग गावाच्या वेशीवर काढला गेला.

आणि मग जानेवारी २०१६, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ. पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले होते. विद्यापीठातल्या सामायिक जागांवरही त्यांना मनाई होती. गाद्या आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन ते बाहेर पडले. परिसरातच उघड्यावर त्यांनी तंबू उभारला आणि त्याला नाव दिले वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची दलित वस्ती, आपला महारवाडा. त्या पाचांपैकी एक रोहित वेमुला. १७ जानेवारीला तो गेला.

आम्हाला विचाराल तर भारतीय विद्यापीठात जागेच्या विचारावर झालेले सर्वांत छोटे भाषण म्हणजे तो एक शब्द. वेलिवाडा. त्याला सभागृह मिळाले नाही, माइक मिळाला नाही, अध्यक्ष नव्हता. पण विद्यापीठ आणि गाव यांत फरक उरलेला नाही, हे त्या एका पाटीने जितके स्पष्ट सांगितले तितके कोणत्याही परिसंवादात सांगितले गेले नव्हते. फक्त त्याची किंमत एका तरुणाच्या जिवाने चुकवावी लागली. असे भाषण पुन्हा कोणाला करावे लागू नये, म्हणून आपल्याला आपल्या जागी बोलण्याची सवय लावून घ्यायची आहे.

नकाशा आता का हवा

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात की हे नकाशे, ही भाषणे हे शिकलेल्यांचे चोचले आहेत. मोर्चा काढा, निवेदन द्या. आम्ही मोर्चाच्या विरोधात नाही. पण मोर्चा घेऊन कलेक्टरकडे गेल्यावर साहेब विचारतो, पुरावा काय? तेव्हा आपल्याकडे काय असते?

२०२३ साली अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांचा अभ्यास मांडला. अनुसूचित जाती आणि मुस्लिम जिथे जास्त राहतात, त्या वस्त्यांकडे शाळा, दवाखाने, पाणी, गटारे अशा सार्वजनिक सोयी कमी पोहोचतात, असे त्यांना आढळले. आणि महत्त्वाचे हे की हा अन्याय जिल्ह्याच्या किंवा शहराच्या एकत्रित आकड्यांत दिसत नाही. तो वस्तीच्या पातळीवर उतरल्यावरच दिसतो. म्हणजे शहरात सोयी आहेत हेही खरे आणि आपल्या गल्लीत नाहीत हेही खरे. सरासरीचा आकडा हे आजचे गावकूस आहे. त्याच्या आड आपली वस्ती दडवली जाते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावे. अपमानाचे नाव गेले याचे स्वागतच आहे. पण नाव बदलले, जागा बदलली का? ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेली वस्ती तिथेच आहे. पुराचे पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते, डांबरी रस्ता तिच्या आधीच संपतो. उद्या कागदावर फक्त समतानगर दिसेल आणि ते वेशीबाहेर का आहे हे विचारायची सोयही राहणार नाही. नाव पुसताना पुरावाही पुसला जाऊ नये, याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावांची मोजणी होत आहे आणि मालमत्ता पत्रके वाटली जात आहेत. ही मोजणी गावातल्या वस्तीच्या क्षेत्राची आहे. मग गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते याच पडीक जमिनींसाठी. ड्रोन जात पाहत नाही असे म्हणतात. बरोबर आहे, पण ड्रोन कोणत्या रेषेच्या आत उडवायचा हे माणूस ठरवतो आणि ती रेषा जातीने आखलेली आहे.

शिवाय येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. सगळीकडे चर्चा एकच, कोण किती? आम्ही म्हणतो, ‘किती’बरोबर ‘कुठे’ हेही मागा. वस्तीनिहाय आकडे उघड झाले नाहीत, तर आपली मोजदाद होईल पण आपले गाऱ्हाणे पुन्हा सरासरीत बुडेल.

काय करायचे

मागे एका अभ्यासवर्गात आम्ही मुलांना कागद दिला आणि आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. बहुतेकांनी मधोमध मंदिर काढले, मग ग्रामपंचायत, शाळा, बाजारपेठ. आपली वस्ती शेवटी काढली, कागदाच्या कडेला. दोघा-तिघांच्या कागदावर तर तिला जागाच उरली नव्हती. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते. मग आम्ही दुसरा कागद दिला आणि म्हणालो, आता आपल्या विहारापासून सुरुवात करा. त्या दुसऱ्या कागदावर नळ किती पावलांवर, अंगणवाडी कोणाच्या गल्लीत, स्मशानाची वाट कोणाच्या शेतातून, दिवाबत्तीचा शेवटचा खांब कुठे, हे सगळे आले. पहिला कागद गावाने त्यांच्या डोक्यात छापलेला होता. दुसरा त्यांचा होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या मंडपात, विहारात, वाचनालयात, वसतिगृहात महिन्यातून एकदा पाच-पाच मिनिटांची भाषणे ठेवा. विषय एकच, ‘कुठे’. नर्सिंग करणाऱ्या ताईने सांगावे की बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला आपल्या वस्तीतून किती वेळ लागतो. वायरमन दादाने सांगावे की तारा कुठे संपतात. वकिलीच्या विद्यार्थ्याने सात-बारा आणि गाव नकाशा वाचून दाखवावा. संगणक शिकणाऱ्या पोराने मोबाईलवर नळ आणि खांबांच्या नोंदी करून दाखवाव्यात. एखाद्या आजीने जुनी वहिवाट कुठून होती ते सांगावे. तिचे ज्ञान कोणत्याही प्राध्यापकाच्या ज्ञानापेक्षा कमी नाही. पाच मिनिटे झाली की बसायचे. पुढाऱ्यालाही हाच नियम. लांब भाषणांनी आपल्या कितीतरी सभा खाल्ल्या आहेत.

एक सावधगिरी मात्र पाळा. नकाशा हे हत्यार आहे आणि हत्यार दोन्ही हातांत चालते. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात धोक्याच्या म्हणून दाखवल्या. अशा लाल रेषांच्या आत कर्ज मिळणे दुरापास्त झाले आणि त्या वस्त्या आणखी खचल्या. त्यामुळे घरांची, माणसांची नावे नकाशावर टाकू नका. सोयींची आणि अडथळ्यांची नोंद करा, माणसांची नको. आणि मूळ कागद वस्तीच्या ताब्यात ठेवा.

सांता बार्बरातल्या त्या खोलीबद्दल आमच्या मनात आकस नाही. ज्ञान कुठूनही घ्यावे, बाबासाहेबांनी तेच केले. तार्द फ्रान्सचे, गोल्डनवायझर अमेरिकेतले, प्रश्न मात्र आपल्या वेशीवरचा. आपणही त्यांची पद्धत घेऊ, त्यांचे तंत्र शिकू. पण अंतर मोजण्याची सुरुवात कुठून करायची हे आपण ठरवू. आजवर ती देवळापासून आणि चावडीपासून झाली. म्हणून आपण नेहमी दूर निघालो. आता ती आपल्या उंबऱ्यापासून होऊ द्या. मग दूर कोण आहे, ते दिसेल.

जय भीम.